सागरच्या वाटचं पाणी

सोनोग्राफीच्या दारावर पाटी होती, 'पुरुषांना प्रवेश नाही'. घाईतल्या नर्सनं केसपेपरवर फक्त 'गर्भाशय' वाचलं आणि अंजनगावहून आलेल्या मनकर्णाबाईच्या हाती पाण्याची बाटली दिली. "मावशी, सगळी पिऊन टाका." इथली रीतच असेल, म्हणून तिनं ती रिकामी केली. शेजारी दाढीवाला सागर पोट धरून बसलेला. मुलगी म्हणून जन्मलेल्या सागरला हार्मोनची इंजेक्शनं अकोल्यात दोन वर्षं चालू होती. त्याची आई मनकर्णाबाई मात्र त्याला 'ती'च म्हणे. आत नर्सनं मनकर्णाबाईला टेबलावर निजवलं, पोटावरचा पदर सारला, तशी ती उठून बसली. "पेशंट मी नाई. माहा पोरगा भाईर हाय. गर्भपिशवी त्याची दुखून राहिली." नर्सनं केसपेपर पाहिला. "त्याची का तिची?" मनकर्णाबाई गोंधळली, मग म्हणाली, "त्याची." नर्सनं दार उघडलं. "सागरभाऊ, पानी प्या आता. तुमच्या वाटचं आईनं पिलं."