पुलाखालची कालवं

"खा की! डाक्टर झालास म्हणून कालवं कडू लागली होय रे?" चांगुणा कोळिणीनं सुरीनं शिंपला उघडला आणि लिंबू पिळून पुढे केला.

डॉक्टर वामनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. लहानपणी आईचा पदर धरून ते किल्ल्यामागच्या या बाजारात येत, तेव्हा पहिलं कालव चांगुणामावशी त्यांनाच भरवायची. पण आता शहरात टायफॉइडची साथ होती, आणि आजाऱ्यांनी काय खाल्लं याची घरोघर चौकशी करत ते तिच्याच टोपलीपाशी येऊन पोचले होते.

"मावशी, इतकी टपोरी कशी गं ही?"

"खाडीतनं आणली की रातभर पुलाखाली बुडवून ठेवते. तिथं गोडं पाणी येतं, त्यात मस्त फुगतात. माझ्या सासूची रीत."

पुलाखाली गोडं पाणी कुठलं? तिथं शहराचं गटार खाडीला मिळत होतं. ती घाण कालवांत शिरते आणि त्यांतून टायफॉइड घरोघर जातो, हे वामनरावांनी हळूहळू तिला समजावलं. मावशीनं टोपली उकिरड्यावर पालथी केली. परत येऊन ती रिकामी टोपली पुढ्यात घेऊन बसली.

"वामन, तुझी आयपण तापानंच गेली ना रे? माझ्याकडचीच कालवं खायची ती."

आठवडेच्या आठवडे न उतरलेला आईचा ताप कसला होता, हे वामनरावांना त्या क्षणी कळलं.

"तिला हिवताप होता, मावशी," ते म्हणाले, आणि तिचा चेहरा निवळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.