रविवारची सोबत

कादंबरी जड होती. एका बैठकीत चार-पाच पानांपुढे जाववत नव्हतं. त्यातल्या मुलीवर लहानपणी घरातल्याच एका प्रेमळ माणसाने अत्याचार केलेला असतो, आणि चाळिशीतही कुणी नुसता पाठीवर हात ठेवला तरी ती दचकते. ही कादंबरी वाचायला घेतल्यापासून मी दीनाकाकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ते दर रविवारी फतेगंजहून येत आणि माझ्या सहा वर्षांच्या भाचीला, मुक्ताला, कमाटीबागेत फिरायला नेत. आता मीही चप्पल घालून त्यांच्याबरोबर निघायचे.

"अगं, सख्खे काका आहेत तुझे! पुस्तकं वाचून डोकं फिरलंय नुसतं," आई करवादायची.

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. पण कुठली चूक परवडणार नाही ते आधी ठरवावं, हेही तिथेच शिकवलं होतं.

काल बागेत मुक्ता झोपाळ्यावर होती. काकांनी सहज विचारलं, "काय वाचतेस सध्या?" त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून मी सगळी गोष्ट सांगितली.

"म्हणून हल्ली तू बरोबर येतेस होय?"

खोटं बोलवेना. "हो, काका."

मला वाटलं, आता हे आमच्या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत.



"येत जा, दीकरा," ते नेहमीच्या गुजराती लाडाने म्हणाले. "मी मुक्ताएवढा होतो, तेव्हा माझ्याबरोबर असं कुणी आलं नव्हतं."