शेवटचे मोठे भागधारक

"विमा कंपनीनंही आपले सगळे शेअर विकले," सुनीती म्हणाली. दर तिमाहीला मोठ्या गुंतवणूकदारांची खरेदी-विक्री रत्नपारखीसाहेबांना सांगणं हे तिचं काम. वर्षभर ती फक्त विक्रीच सांगत आली होती. पंपांचा हा कारखाना साहेबांनी उभारलेला. आज ते संतापणार, अशी मनाची तयारी करूनच ती आली होती.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी त्यांच्या जागी असतो, तर कधीच विकून मोकळा झालो असतो."

"आपण त्यांना पुन्हा भेटू या, सर."

"नको. त्यांना निदान निघता आलं. मला तर दमलोय, हे कुणाला सांगताही येत नाही."

"मला सांगितलंत की," सुनीती म्हणाली आणि पहिल्यांदाच, न विचारता, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली.