बालवाडीतली क्रेट

“टॅग क्रेटीकच ऱ्हावंदी गो बाय, सिस्टीमीक मस्करी कळना,” असं स्टोअरमधल्या रामचंद्रबाबांनी सांगितलं, तेव्हा प्रतीक्षा नुसती हसली होती. पेडण्याच्या काजू कंपनीत ही सिस्टीम तिनेच तर बसवली होती! दुकानांत गेलेली एकही रिकामी क्रेट आता कचऱ्यात जात नव्हती. ठिकाण कळवणारा टॅग लावलेली क्रेट एका जागी पडून राहिली, की ती परत आणायचा मेसेज जवळच्या टेंपोवाल्याला आपोआप जायचा.

सोमवारी लेक पहिल्यांदाच कोरगावच्या बालवाडीत गेली. प्रतीक्षाने एक जादा टॅग गुपचूप तिच्या बॅगेत डब्याखाली सरकवला आणि ऑफिसात बसून स्क्रीनवरचा हिरवा ठिपका न्याहाळू लागली. खाऊच्या सुट्टीआधीच ठिपका बालवाडीतून निघाला आणि सुसाट हायवेला लागला.

स्कूटर दामटत तिने ठिपका गाठला, तर तो कंपनीचाच टेंपो! टेंपोवाला केरबा दियाची गुलाबी बॅग घेऊन खाली उतरला.

“मॅडम, तुमच्याच सिस्टीमचा मेसेज आला, क्रेट उचला म्हणून. क्रेट काय घावली न्हाई, टॅग हिच्यात हुता. बाईंनी बॅगच दिली. पोरगी खेळाय लागलीया तिकडं.”

प्रतीक्षाने रस्त्यातच उभं राहून गावच्या ग्रुपवर लिहिलं:



“कोरगावात कोणी असाल तर बालवाडीत जरा डोकावून बघा, आमची दिया उपाशी बसली असेल. मी निघालेय, पण तिचा डबा मीच परत मागवून घेतलाय.”