खुणांच्या भाषेचं लायसन्स

डोक्यातल्या चिपवर चढवली की भाषा आपोआप येणारी, अशी खुणांच्या भाषेची दोनच लायसन्स कंपनीकडे होती आणि दोन्ही कोणाच्या तरी डोक्यात चालू होती. नव्या सहा कर्णबधिर मुलींना प्रेस मशीनचे धोके समजावायला ट्रेनिंगवाल्यांना आत्ताच एक हवं होतं. लायसन्स वाटणाऱ्या उज्ज्वला निगुडकरने स्क्रीन पाहिली. एक लायसन्स दवाखान्यात होतं, दुसरं स्टोअरच्या खरातांकडे, कॅन्टीनमध्ये.

न सांगता कोणाचं बोलणं काढून घेणं तिच्या जिवावर आलं. ती स्वतःच खाली गेली. खरात हातांनी जुबेदाशी गप्पा मारत होते. जुबेदाला ऐकू येत नसे आणि त्यांच्याशिवाय तिच्याशी कोणी बोलत नसे.

"मामा, लायसन्स काढावं लागतंय. सहा मुली मशीनवर यायच्यात."

"काढा की! तोंडातला घास तेवढा राहू द्या."

तिने बटण दाबलं. खरातांचे हात हवेतच थांबले. जुबेदाचा चेहरा उतरला. मग त्यांची बोटं चाचपडत पुन्हा हलू लागली. जुबेदाने हसून त्यांचा अंगठा सरळ केला.

"लायसन्स नसताना हे कसं?" उज्ज्वलाने विचारलं.

"तुमचाच नियम! दहा मिनिटं हात थांबले की लायसन्स परत जातं. म्हणून दोन वर्षं गोण्या मोजतानाही बोटं हलवत राहिलो. आता त्यांनाच सवय झालीय."

जुबेदाने उज्ज्वलाकडे बघून भराभर हात हलवले.

"काय म्हणतेय?"

"मुलींचं सांगितलं तिला. म्हणतेय, अकरा वर्षं त्याच मशीनवर आहे मी. मला का नाही विचारलं?"

उज्ज्वलाने ते लायसन्स कोणालाच दिलं नाही. जुबेदा डबा बंद करून ट्रेनिंगच्या खोलीकडे निघालीसुद्धा होती.