मधात काही नाही

ठिपका हलत नव्हता.

डिंपलनं फोन खिडकीपाशी नेला, बंद करून पुन्हा चालू केला. लोणारात सकाळचे साडेसात वाजले होते. तिकडे अमेरिकेत अजून कालची रात्र. तिचा नवरा, दीपक, तिथल्या दोन लहान गावांच्या दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट होता. तीन दिवस कॉटनवुड, दोन दिवस वेल्सबर्ग. निघताना त्यानं लिहिलं होतं, ‘बर्फ पडतोय. अठ्ठावन्न मैल. दीड तासात पोचतो.’

त्याला दोन तास होऊन गेले होते. फोनमधल्या नकाशावर त्याचा ठिपका वेल्सबर्गच्या बारा मैल अलीकडे थांबलेला, चाळीस मिनिटं. फोन लागत नव्हता. रेंज नसेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण मागच्या आठवड्यात त्याच रस्त्यावरून तो तिच्याशी बोलत गेला होता.

"अठ्ठावन्न मैल म्हंजे किती वं?" सासूबाईंनी, केसरबाईंनी, चहा गाळता गाळता विचारलं.

"इथून बुलढाण्याएवढं."

"म्हंजे मधात मेहकर, चिखली."

"मधात काही नाही, आई."

"च्याची टपरी बी नाही?"

"काहीच नाही. एक गाव खाणीमुळे वसलं, दुसरं रेल्वेमुळे. खाण बंद पडली, रेल्वेही गेली."

"आपल्या लोणारले अजून आली नाही, अन् तिकडं येऊन गेली बी!" केसरबाई हसल्या. डिंपल पुन्हा फोन लावत होती.

मागे डबा आदळला. दहा महिन्यांच्या चिमीनं मुरमुरे घरभर सांडले होते आणि धुळीसकट एक मूठ तोंडात घातली होती. डिंपलनं धावत जाऊन बोटानं तिचं तोंड साफ केलं. पोर किंचाळली.

घर अजून झाडलेलं नव्हतं. बाहेर निघालेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही केसरबाईंची रीत. डिंपल एरवी "असं काही नसतं हो, आई," म्हणायची आणि झाडून मोकळी व्हायची.

आज केसरबाईंनीच दाराआडून फडा काढला. "सरक. पोरगी कचरा खाऊन राह्यली."

डिंपलनं फड्यावर पाय ठेवला.

"काऊन वं? तूच तं म्हणते ना, असं काही नसते म्हणून?"

"हात लावू नका त्याला." तिचा आवाज चिरकला. "अजून बारा मैल आहेत."

चिमीला कडेवर घेऊन ती खाली बसली. फोन समोर फरशीवर ठेवला आणि एका हातानं एकेक मुरमुरा उचलून डब्यात टाकू लागली.

फडा होता तिथं उभा करून, गुडघ्यावर हात टेकत केसरबाईही खाली बसल्या आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून वेचू लागल्या.