शेवटच्या खोलीची पाळी

"दादा, माझंबी गेलं!" अमृत आतून ओरडला.

हर्षलने कपाळावर हात मारला. त्याच्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरचं नेट पाच मिनिटांपूर्वीच गेलं होतं. आता धाकट्या भावाचंही गेलं. उभ्या सोनईत कुणाचं वायफाय रुसलं की लोक हर्षललाच हाक मारायचे, आणि आज त्याच्याच घरात ही तऱ्हा! तीही नेमकी मागच्या खोलीत बायकोची मुलाखत चालू असताना.

रेश्माची ही तिसरी मुलाखत. पुण्याची कंपनी, काम मात्र घरूनच करायचं. पहिल्या दोन वेळा ऐन बोलण्यात तिचा चेहरा पडद्यावर थिजला होता. थिजणारच की! राऊटर पुढच्या पडवीत आणि तिची खोली पार गोठ्याला लागून. मधे अमृतचे सिनेमे, हर्षलच्या दुकानाचं काम. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर नेटमध्ये काही दमच उरायचा नाही. ही शेवटची संधी, असं कंपनीने स्पष्ट कळवलं होतं. रेश्माने सकाळीच सगळ्यांना बजावलं, "तासभर कुणी नेट वापरायचं नाही. आणि माझ्या दाराला हात लावायचा नाही, घर पेटलं तरी!"

दोघा भावांनी माना डोलावल्या होत्या. दहाव्या मिनिटाला अमृतने सिनेमा लावला. हर्षलही म्हणाला, एवढं एकच काम करतो आणि बंद करतो.

वडील, भिमाजी अण्णा, तेवढे काहीच बोलले नव्हते. सुनेच्या नोकरीचं पहिल्यांदा निघालं तेव्हाही ते गप्पच होते. अण्णा गप्प म्हणजे नकार, हे पोरांना लहानपणापासून पाठ. तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते ते. पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना पाणी सोडायचं हे त्यांचं काम. कालव्याच्या वरच्या अंगाचे लोक चोरून दारं उघडायचे, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, रानं वाळून जायची. त्यापायी अण्णांनी गावभर भांडणं केली. घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असायचं. नोकरी सुटल्यावर हर्षलने त्यांना मोबाईल शिकवला, राऊटरचं अ‍ॅपसुद्धा टाकून दिलं. पण अण्णा त्यावर ऐकायचे ते कीर्तन.

हर्षलने पासवर्ड पुन्हा टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सिग्नल फुल, नेट शून्य. अमृतकडेही तेच.

"म्हंजी वहिनीचंबी गेलं असंल की रं दादा," अमृत बाहेर येऊन हळूच म्हणाला.

आता एकच उपाय उरला होता, राऊटर बंद करून परत चालू करायचा. हर्षल पडवीत धावला, मागोमाग अमृतही. अण्णा नेमके राऊटरखालीच खुर्ची टाकून बसलेले. मोबाईल हातात होता, पण कीर्तन बंद.

"अण्णा, सरका जरा. राऊटर बंद करायचाय."

"हात लावू नको."

"अहो, नेट गेलंय! तिकडं रेश्मा..."

"बस खाली म्हनलं ना."

हर्षलचं टाळकंच सरकलं. "तिनं नोकरी करायला नको हाय ना तुमाला? मग सरळ तोंडानं सांगा की! असं आडवं कशाला येता?"

अण्णा खुर्चीवरून हलले नाहीत.

हर्षलने त्यांच्या डोक्यावरून हात लांब केला. बोट बटणावर पोचणार, तेवढ्यात मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. रेश्मा पळतच पडवीत आली.

"अहो, घेतलं मला! सोमवारपासून कामावर!"

"घेतलं? आणि नेट?" हर्षलचा हात तसाच वर राहिला.

"आज काय झालं होतं कुणास ठाऊक! एकदासुद्धा अडकलं नाही. नुसतं पळत होतं."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनीही अण्णांच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. राऊटरचं अ‍ॅप उघडं होतं. घरातल्या सगळ्यांच्या नावांची यादी, प्रत्येक नावासमोर एक बटण. अमृत बंद. हर्षल बंद. सगळ्यात वर 'अण्णा मोबाईल', तेही बंद. एकट्या रेश्माचं चालू.

हर्षलने हात खाली घेतला. त्याला मान वर करवेना.

अण्णांनी चष्मा सारखा केला आणि सुनेकडे बघून हसले. "वरच्यांनी व्हय म्हनायचं आन् पाठ वळली की दार उघडायचं, हे तीस वर्सं बघितलंय मी," ते म्हणाले. "टेलच्या रानाला पानी पोचवायचं तर पाटकऱ्यालाच उठावं लागतंय, पोरी."